तालिकापत्र ते संगणकाचा पडदा : आरंभीचे इंटरनेट आणि मराठी ग्रंथालये

१. उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस पुढील गोष्टी स्पष्ट करता येतील.

• इंटरनेटपूर्व काळात ग्रंथालये वाचक आणि ग्रंथ यांची गाठ कशी घालून देत.
• १९९० नंतरच्या दशकात ग्रंथालयांनी संगणकीय जाळ्यांचा स्वीकार कोणत्या क्रमाने व का केला.
• मराठी ग्रंथांची संगणकीय नोंद करताना लिपी, लेखनपद्धती आणि ग्रंथकारनाम यांमुळे निर्माण झालेल्या अडचणी.
• ऑनलाइन साधनांच्या काळात ग्रंथपालाचे व छोट्या गावातील ग्रंथालयाचे स्थान.

२. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण वर्गीकरण आणि तालिकीकरण या ग्रंथालयीन प्रक्रियांची ओळख करून घेतली. या घटकात त्याच प्रक्रिया इंटरनेटच्या आगमनानंतर कशा बदलल्या, याचा विचार करावयाचा आहे.

विवेचनाचा आरंभ रत्नागिरीपासून करणे सोयीचे ठरेल. रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालयाची स्थापना १८२८ सालची. महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्याची गणना होते. भारतातील पहिली प्रवासी रेल्वे १८५३ साली मुंबई ते ठाणे या मार्गावर धावली, म्हणजे हे वाचनालय रेल्वेपेक्षा पंचवीस वर्षांनी वडील आहे. प्रत्यक्ष रत्नागिरीत मात्र रेल्वे पोहोचण्यास त्यानंतर जवळजवळ दीड शतक लागले. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी. समुद्र आणि सह्याद्री यांच्यामध्ये वसलेल्या या प्रदेशाला बाहेरच्या जगाशी जोडणारे दोन मार्ग, एक रुळांचा आणि एक तारांचा, अशा रीतीने एकाच दशकात खुले झाले.

रुळांवरून ग्रंथांचे गठ्ठे येतात, तारेवरून ग्रंथांविषयीची माहिती येते. या दोहोंतील फरक लक्षात घेतला म्हणजे प्रस्तुत विषयाचे मर्म ध्यानी येते. ग्रंथालयांनी इंटरनेटशी जुळवून घेतले, ते केवळ संगणक विकत घेऊन नव्हे. ग्रंथाची नोंद नव्याने आणि नेटकेपणाने करणे हे या बदलातील मुख्य काम होते. जेथे ते झाले, तेथील ग्रंथ दूरच्या वाचकाला दिसू लागले. जेथे ते राहून गेले, तेथील ग्रंथ कपाटात असूनही वाचकाच्या दृष्टीने नाहीसे झाले. मराठी ग्रंथांच्या बाबतीत हा धोका आजही पूर्णपणे टळलेला नाही.

३. विषय-विवेचन

३.१ इंटरनेटपूर्व शोधसाधने

संगणक येण्यापूर्वी ग्रंथालयात ग्रंथ शोधण्याचे प्रमुख साधन म्हणजे तालिका. सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब आणि साडेसात सेंटिमीटर रुंद अशा जाड पत्रावर ग्रंथकार, ग्रंथनाम, प्रकाशक, प्रकाशनवर्ष, वर्गांक आणि दाखल क्रमांक लिहिलेला असे. एकाच ग्रंथासाठी ग्रंथकार, ग्रंथनाम आणि विषय अशी किमान तीन पत्रे करावी लागत, कारण प्रत्येक पत्र खणातील एकाच जागी लावता येते. लहान वाचनालयांत पत्रांऐवजी छापील याद्या किंवा वह्या असत. दाखल नोंदवहीत ग्रंथ ज्या क्रमाने आले त्या क्रमाने त्यांची नोंद होई.

या साधनांची मर्यादा उघड होती. रत्नागिरीच्या वाचनालयाची तालिका पाहण्यासाठी रत्नागिरीसच जावे लागे. एखादा दुर्मीळ ग्रंथ पुणे नगर वाचन मंदिरात आहे, की ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात आहे, की मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात आहे, हे घरबसल्या कळण्याचा मार्ग नव्हता. पत्र पाठवावे, उत्तराची वाट पाहावी आणि बहुधा स्वतः प्रवास करावा, असा अभ्यासकाचा क्रम असे.

ही उणीव भरून काढण्याचा मराठीतील थोर प्रयत्न शंकर गणेश दाते यांनी केला. त्यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चा १८०० ते १९३७ या कालखंडाचा भाग १९४३ साली आणि १९३८ ते १९५० या कालखंडाचा भाग १९६१ साली प्रसिद्ध झाला. एका भाषेत दीडशे वर्षांत काय काय छापले गेले, याचा असा एकत्रित लेखाजोखा एका व्यक्तीच्या चिकाटीतून सिद्ध झाला, ही गोष्ट आजही विस्मयकारक वाटते. अनेक ग्रंथालयांतील संग्रहांची एकत्रित नोंद म्हणजे 'संघ तालिका'. पुढे संगणकीय जाळ्यांनी जे काम हाती घेतले, त्याची गरज दात्यांनी कागद आणि लेखणी यांच्या काळात ओळखली होती.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पंचसूत्रीत वाचकाचा वेळ वाचविणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य मानले आहे. इंटरनेटच्या काळातील प्रत्येक साधनाचे मूल्यमापन करताना हा निकष उपयोगी पडतो.

३.२ ग्रंथालयांची जाळी

ग्रंथनोंद यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात कशी लिहावी, हा प्रश्न अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६० नंतरच्या दशकात हाती घेतला. हेन्रिएट अव्हरॅम यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या 'मार्क' या नोंदपद्धतीत ग्रंथकार, ग्रंथनाम, प्रकाशक अशा प्रत्येक घटकाला ठरावीक क्रमांकाचा स्वतंत्र रकाना दिलेला असतो. सर्वांचे रकाने सारखे असले की एका ग्रंथालयाने केलेली नोंद दुसऱ्याला जशीच्या तशी वापरता येते.

१९९० च्या सुमारास ही संगणकीकृत तालिका इंटरनेटवरून दूर अंतरावरून पाहता येऊ लागली. 'टेलनेट' या सोयीद्वारे दुसऱ्या शहरातील संगणकाशी संपर्क साधून तेथील तालिकेत शोध घेता येत असे. कोणत्या ग्रंथालयाची तालिका कोणत्या पत्त्यावर आहे, हे सांगणारी 'हायटेलनेट' ही मार्गदर्शिका कॅनडातील ग्रंथालय क्षेत्रातील पीटर स्कॉट यांनी १९९० मध्ये सुरू केली. १९९१ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात 'गोफर' हे साधन तयार झाले. त्यात माहितीची मांडणी विषय, उपविषय आणि त्याखाली प्रलेख अशा पायऱ्यांनी केलेली असे. विषयवार कपाटांची सवय असलेल्या ग्रंथपालांना ही रचना परिचयाची वाटावी, यात नवल नाही. पुढे वर्ल्ड वाइड वेबचा प्रसार झाला आणि गोफर मागे पडले.

भारतातही या दिशेने प्रयत्न सुरू होते. युनेस्कोने तयार केलेली 'सीडीएस-आयसिस' ही संगणकप्रणाली आपल्याकडे निस्सॅट या राष्ट्रीय योजनेमार्फत ग्रंथालयांना उपलब्ध झाली आणि अनेक ग्रंथपालांनी संगणकाचे पहिले धडे तिच्यावरच गिरविले. १९८८ मध्ये दिल्लीत 'डेलनेट'ची सुरुवात झाली. मुंबईतील ग्रंथालयांना जोडणारे 'बोनेट' १९९२ मध्ये कार्यान्वित झाले. त्याच सुमारास पुण्यात 'पुणेनेट' आकारास आले. विद्यापीठीय ग्रंथालयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये 'इन्फ्लिबनेट' हा प्रकल्प सुरू केला आणि १९९६ मध्ये त्याला स्वतंत्र आंतरविद्यापीठीय केंद्राचा दर्जा मिळाला. या केंद्राची 'सोल' ही प्रणाली महाविद्यालयीन ग्रंथालयांत मोठ्या प्रमाणावर स्वीकारली गेली.

या सर्व उपक्रमांत दोन वैशिष्ट्ये आढळतात. पहिले असे की त्यांचे केंद्र महानगरांत आणि विद्यापीठांत होते. दुसरे असे की त्यांचा भर प्रामुख्याने इंग्रजीतील वैज्ञानिक नियतकालिकांवर होता. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावची सार्वजनिक ग्रंथालये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ अन्वये मिळणाऱ्या अनुदानावर चालतात. त्यांचा संग्रह मुख्यतः मराठी. त्यामुळे या जाळ्यांचा लाभ त्यांच्यापर्यंत उशिरा आणि अंशतःच पोहोचला.

३.३ तारेची मर्यादा : आधी नोंद, मग ग्रंथ

आरंभीच्या ऑनलाइन साधनांत ग्रंथ नव्हते, ग्रंथांच्या नोंदी होत्या. असे का झाले, हे एका साध्या हिशेबावरून समजेल.

त्या काळी संगणक मोडेमद्वारे दूरध्वनीच्या तारेला जोडला जाई. सेकंदाला २८.८ किलोबिट हा वेग तेव्हा चांगला समजला जाई. सातशे अक्षरांची रोमन लिपीतील ग्रंथनोंद या वेगाने सेकंदाच्या पाचव्या भागात येते. आता ३०० पानांच्या पुस्तकाची छायाचित्रित प्रत घेऊ. प्रत्येक पानास १०० किलोबाइट धरले तर एकूण आकार ३० मेगाबाइट होतो आणि तो उतरवून घेण्यास सुमारे सव्वादोन तास लागतात. मध्येच संपर्क तुटला तर बहुधा आरंभापासून सुरुवात. ज्या गावात सेवेचे केंद्र नव्हते, तेथून दुसऱ्या शहरात एसटीडीने दूरध्वनी लावावा लागे, म्हणजे प्रत्येक मिनिटाला पैसे मोजावे लागत. कोकणातील पावसाळा आणि खंडित होणारा वीजपुरवठा यांची भर त्यात धरलीच पाहिजे.

अशा परिस्थितीत ग्रंथ कोठे आहे हे तारेवरून जाणून घ्यावे आणि ग्रंथ मात्र टपालाने किंवा एसटीने मागवावा, हाच व्यवहार्य मार्ग होता. यालाच आंतरग्रंथालयीन देवघेव म्हणतात. आरंभीच्या इंटरनेटने ग्रंथालयाला दिलेली खरी देणगी ही की ग्रंथाचा ठावठिकाणा समजण्यास लागणारे आठवडे काही मिनिटांवर आले.

मात्र या सोयीसाठी प्रत्येक जुन्या ग्रंथाची नोंद संगणकात भरणे आवश्यक होते. त्याला पूर्वलक्षी नोंदीकरण म्हणतात. ५०,००० ग्रंथांचे एखादे वाचनालय कल्पून पाहा. एका नोंदीस पाच मिनिटे लागली तरी एकूण ४,१६६ तास होतात. एका कर्मचाऱ्याने रोज सहा तास हेच काम केले तर सुमारे ६९४ दिवस लागतील. वर्षाचे कामाचे दिवस विचारात घेता हे काम अडीच वर्षांचे ठरते. देवघेव, वर्गणी, वृत्तपत्रांची मांडणी ही नित्याची कामे सांभाळणाऱ्या दोन-तीन कर्मचाऱ्यांच्या वाचनालयाने ते कसे पार पाडावे? संगणक अनुदानातून वा देणगीतून मिळे, हे मनुष्यतास मात्र सहजी मिळत नसत. म्हणूनच अनेक ठिकाणी प्रथम नव्या ग्रंथांच्या नोंदी झाल्या आणि जुने, दुर्मीळ ग्रंथ मागे राहिले. वस्तुतः अभ्यासकाला त्यांचीच गरज अधिक होती.

३.४ मराठी नोंदीची कसोटी

इंग्रजी ग्रंथांची नोंद आयती मिळू शकत होती. मराठी ग्रंथांची नोंद आपली आपणच करावयाची होती. ती करताना तीन अडचणी उभ्या राहिल्या.

(अ) लिपी. मराठी अक्षरे संगणकात साठविण्यासाठी 'इस्की' ही भारतीय प्रमाणपद्धती १९९१ मध्ये निश्चित झाली आणि पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने भारतीय लिपींसाठी 'जिस्ट' तंत्रज्ञान विकसित केले. परंतु छपाईच्या व्यवसायात निरनिराळ्या कंपन्यांचे टंक रूढ झाले आणि ग्रंथालयांतही तेच वापरले गेले. या टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत. पडद्यावर मराठी दिसे, यंत्राच्या स्मृतीत मात्र निरर्थक रोमन अक्षरांची मालिका साठविली जाई. एका टंकातील नोंद दुसऱ्या टंकात वाचता येत नसे.

याहून गंभीर दोष अकारविल्हेचा होता. 'किल्ला' हा शब्द लिहिताना ऱ्हस्व वेलांटी 'क'च्या आधी दिसते. आकृतींच्या क्रमाने टंकलेखन करणाऱ्या टंकात तीच प्रथम साठविली जाई. परिणामी 'किल्ला' हा शब्द 'क' अक्षराखाली न लागता वेलांटीपासून सुरू होणाऱ्या शब्दांच्या गटात जाऊन बसे. युनिकोड या जागतिक पद्धतीत प्रथम 'क' आणि नंतर वेलांटी असा उच्चारानुसारी क्रम असतो. देवनागरीचा समावेश युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच झाला होता, पण सामान्य वापरातील संगणकांत त्याची सोय २००० नंतर हळूहळू पोहोचली. मराठीत नित्य लागणारे 'ॲ' हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ साली आले. आरंभीच्या दशकात कष्टाने भरलेल्या अनेक याद्या त्यामुळे पुन्हा रूपांतरित कराव्या लागल्या.

(आ) लेखनपद्धती. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक नियम १९६२ पासूनचे आहेत. त्यापूर्वीच्या ग्रंथांवर 'कवि', 'नांव', 'कांहीं' अशी रूपे छापलेली आढळतात. तालिकीकरणाच्या नियमानुसार ग्रंथनाम मुखपृष्ठाच्या आतील शीर्षकपृष्ठावर जसे असेल तसेच उतरवावे लागते. आजचा वाचक मात्र 'कवी', 'नाव', 'काही' असे लिहून शोध घेतो. खणातील पत्रे चाळणाऱ्या माणसाच्या नजरेला ही रूपे शेजारीशेजारी दिसत असत आणि तो ती ओळखत असे. यंत्राला एका अनुस्वाराचाही फरक निराळा शब्द वाटतो. जुने रूप आणि प्रचलित रूप ही दोन्ही नोंदविणे, हाच त्यावरील उपाय.

(इ) ग्रंथकारनाम. याचे उत्तम उदाहरण कोकणातच सापडते. रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड येथे जन्मलेले कृष्णाजी केशव दामले हे 'केशवसुत' या नावाने ओळखले जातात. चिं. त्र्यं. खानोलकरांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. 'कोंडुरा' ही त्यांची कादंबरी त्यांच्या स्वतःच्या नावावर आहे, तर 'जोगवा' हा काव्यसंग्रह 'आरती प्रभू' या नावावर. वाचकाने एका नावाने शोध घेतला तर त्याला या लेखकाचे अर्धेच साहित्य सापडेल. शिवाय आद्याक्षरे कोणी 'चिं. त्र्यं.' अशी लिहितो, कोणी 'चि. त्र्यं.' अशी. पत्रतालिकेत ग्रंथपाल 'आरती प्रभू : पाहा खानोलकर' असे निर्देशक पत्र लावीत असे. संगणकीय तालिकेतही ही जोडणी कोणीतरी जाणकाराने करून द्यावीच लागते. यंत्राला मराठी साहित्याचा इतिहास आपोआप अवगत होत नाही.

या संदर्भात एक वस्तुस्थिती विचार करायला लावणारी आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्ली येथील कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांतील ग्रंथ अमेरिकेतील ग्रंथालयांसाठी खरेदी करू लागले. अमेरिकेने भारताला पुरविलेल्या धान्याच्या किमतीपोटी रुपयांत जमा झालेल्या निधीतून ही खरेदी होई. त्यांत मराठी ग्रंथही होते आणि त्यांच्या नोंदी रोमन लिप्यंतरात होत. त्यामुळे १९९० नंतरच्या दशकात तेथील तालिका इंटरनेटवर आल्या, तेव्हा मराठी ग्रंथांच्या नोंदीही त्यांच्याबरोबर आल्या. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील शिरोडे येथे शिक्षक म्हणून राहिलेल्या वि. स. खांडेकरांच्या ग्रंथांची नोंद अशा प्रकारे सातासमुद्रापलीकडच्या संगणकावर सापडे, आणि तोच ग्रंथ शेजारच्या गावातील वाचनालयात आहे की नाही, हे कळावयास तेथे जावे लागे. लिप्यंतराच्या नियमामुळे 'खांडेकर' या नावातील अखेरचा न उच्चारला जाणारा 'अ'ही रोमन अक्षराने दाखविला जाई. हा संकेत माहीत नसलेल्या मराठी वाचकाला आपल्याच लेखकाचे नाव तेथे शोधता येत नसे.

३.५ मालकीकडून उपलब्धतेकडे

पूर्वी ग्रंथालयाचे वैभव त्याच्या दाखल नोंदवहीतील अखेरच्या क्रमांकावरून मोजले जाई. जाळ्यांच्या प्रसारानंतर 'आपल्याजवळ काय आहे' याबरोबर 'आपण वाचकाला काय मिळवून देऊ शकतो' हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. इन्फ्लिबनेटच्या 'एन-लिस्ट' योजनेमुळे २०१० नंतर लहान गावांतील महाविद्यालयांनाही हजारो नियतकालिके व ग्रंथ ऑनलाइन वाचावयास मिळू लागले. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा ज्ञानकोश यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानच्या पुढाकाराने संकेतस्थळावर आला. मराठी विश्वकोशाचे खंडही संकेतस्थळावर उपलब्ध झाले. न्यूझीलंडमधील एका ग्रामीण ग्रंथालयासाठी तयार झालेली 'कोहा' ही प्रणाली जानेवारी २००० मध्ये वापरात आली आणि ती सर्वांसाठी विनामूल्य खुली ठेवण्यात आली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची 'ई-ग्रंथालय' ही प्रणालीही उपलब्ध झाली. या दोन्हींमध्ये मराठी नोंदी युनिकोडमध्ये करता येतात, त्यामुळे लहान ग्रंथालयांची आर्थिक अडचण बरीच कमी झाली.

या बदलाबरोबर संदर्भसेवेचे स्वरूपही पालटले. एखाद्या वाचकाने रत्नागिरी बंदराच्या जुन्या व्यापाराविषयी विचारणा केली, तर पूर्वी ग्रंथपाल १८८० सालचे रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटिअर काढून देत असे. आज ते पडद्यावर वाचता येते. मग ग्रंथपालाचे काम संपले काय? तसे नाही. १८८० च्या आवृत्तीनंतर १९६२ मध्ये सुधारित गॅझेटिअर निघाले, पहिले इंग्रज प्रशासनाच्या दृष्टीतून लिहिलेले होते, १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाल्याने त्यापूर्वीचे 'रत्नागिरी जिल्ह्या'चे आकडे आजच्या जिल्ह्याशी थेट ताडून पाहता येत नाहीत, या गोष्टी वाचकाच्या लक्षात कोण आणून देणार? शोधयंत्र पाने पुढे ठेवते, त्यांतील कोणते पान कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे पारखण्याचे काम जाणकार माणसाला करावे लागते.

३.६ नोंद, जतन आणि स्मृती

रत्नागिरी जिल्ह्यातीलच चिपळूण येथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर हे १८६४ साली स्थापन झालेले ग्रंथालय. जुलै २००५ च्या आणि पुन्हा जुलै २०२१ च्या महापुरात त्याच्या ग्रंथसंग्रहाची मोठी हानी झाली. कागद, शाई आणि पुठ्ठा यांना पुराचे पाणी क्षमा करीत नाही. कोकणच्या दमट हवेत वाळवी व बुरशी यांचे संकट तर बारमाही असते.

अशा प्रसंगी संगणकीय नोंदीचे दुहेरी मोल कळते. नोंद अन्यत्र सुरक्षित असेल तर निदान काय गेले हे समजते आणि तो ग्रंथ दुसऱ्या कोणत्या ग्रंथालयातून मिळविता येईल याचा शोध घेता येतो. ग्रंथाची छायाचित्रित प्रत असेल तर आशयही वाचतो. नोंदही नाही आणि प्रतही नाही, अशा ग्रंथाच्या बाबतीत मात्र तो अस्तित्वात होता हेच पुढील पिढीला कळत नाही. जिल्ह्याच्या गावी छापली गेलेली लहान पुस्तके, स्थानिक साप्ताहिकांचे अंक, शाळांची स्मरणपुस्तके, जात्यावरच्या ओव्यांचे संग्रह हे साहित्य महानगरातील मोठ्या ग्रंथालयांत क्वचितच आढळते. त्याचे एकमेव आश्रयस्थान गावचे वाचनालय असते. त्याची नोंद गावच्या ग्रंथपालाने केली नाही, तर ती दुसरे कोणी करण्याचा संभव कमी.

इंटरनेटवर न सापडणारी गोष्ट अस्तित्वातच नाही, असा समज आज विद्यार्थ्यांत बळावत आहे. मराठी ग्रंथांच्या बाबतीत तो विशेष घातक आहे. पडद्यावरील शोध निष्फळ ठरला तर त्याचा अर्थ 'ग्रंथ नाही' असा न घेता 'नोंद नाही' असा घ्यावा आणि पुढचे पाऊल वाचनालयाच्या दिशेने टाकावे.

४. सारांश

इंटरनेटच्या आगमनापूर्वी तालिका ही ग्रंथालयाच्या चार भिंतींत बद्ध होती. १९९० नंतरच्या दशकात ती तारेवरून दूरच्या वाचकापर्यंत पोहोचू लागली. तारांचा वेग मर्यादित असल्याने आरंभी ग्रंथांऐवजी नोंदींचीच देवाणघेवाण झाली. मराठी ग्रंथालयांना या वाटचालीत लिपी, लेखनभेद आणि ग्रंथकारांची अनेक नावे या खास अडचणींतून मार्ग काढावा लागला. युनिकोड आणि विनामूल्य प्रणाली यांमुळे तो आता सुकर झाला आहे. तथापि नोंद करणाऱ्या जाणकार माणसाची गरज कायम आहे. शंकर गणेश दाते यांनी ज्या निष्ठेने ग्रंथसूची सिद्ध केली, तीच निष्ठा संगणकासमोर बसलेल्या आजच्या ग्रंथपालाकडूनही अपेक्षित आहे.

५. स्वाध्याय

१. संघ तालिका म्हणजे काय? 'मराठी ग्रंथसूची'चे महत्त्व त्या संदर्भात विशद करा.

२. आरंभीच्या इंटरनेटवर ग्रंथांपेक्षा ग्रंथनोंदी अधिक का होत्या, ते सोदाहरण स्पष्ट करा.

३. 'मराठी ग्रंथाची संगणकीय नोंद हे केवळ टंकलेखनाचे काम नाही.' या विधानाची चर्चा करा.

४. टिपा लिहा : (अ) पूर्वलक्षी नोंदीकरण (आ) आंतरग्रंथालयीन देवघेव (इ) निर्देशक पत्र.

६. उपक्रम

आपल्या गावातील किंवा तालुक्यातील सार्वजनिक वाचनालयास भेट द्या. ग्रंथपालांच्या अनुमतीने १९५० पूर्वी प्रसिद्ध झालेली पाच मराठी पुस्तके निवडा. प्रत्येकाचे ग्रंथकार, ग्रंथनाम, प्रकाशनस्थळ व वर्ष शीर्षकपृष्ठावरून जसेच्या तसे उतरवून घ्या. नंतर संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर जुन्या आणि प्रचलित अशा दोन्ही लेखनपद्धतींनी त्यांचा शोध घ्या. जे पुस्तक कोठेही आढळणार नाही, त्याची सविस्तर नोंद तयार करून वाचनालयास द्या.